होळीच्या ढोलाचा बीपीएम किती?

नंदुरबार जिल्ह्यातल्या गाण्यांचा सर्वांत मोठा साठा आज कुठे असेल? विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा आकाशवाणीच्या कपाटात शोधणाऱ्याच्या हाती थोडंच लागेल. लग्नसराईत तळोदा, शहादा, नवापूरच्या रस्त्यांवरून बेसच्या पेट्या आणि भोंगे रचलेली जी गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते, तिच्यातल्या लॅपटॉपला जोडलेली हार्ड डिस्क हे माझ्या मते त्या प्रश्नाचं जास्त खरं उत्तर आहे. तिच्यात मावची आणि वसावी बोलींतली टिमली ही नाचगाणी असतात, पावरी आणि देहवालीतली गाणी असतात, अहिराणी लग्नगीतांची रिमिक्स, सीमेपलीकडचा गुजराती गरबा, १४ एप्रिलची भीमगीतं, गणपतीची गाणी, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत वाजणारी गाणी, आणि हिंदी सिनेमा तर असतोच. हा संग्रह करायला कुणी मुद्दाम बसलं नव्हतं. गिऱ्हाइकाने मागितलं ते आणलं, मित्राच्या पेनड्राइव्हवरून उतरवलं, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेतलं, असं ते साचत गेलं. फायली दहा-वीस हजारांवर गेल्या की कुठलं गाणं कुठे आहे हे डोक्यात मावत नाही, आणि मग त्यांचं ‘ॲनालिसिस’ करावं लागतं. सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे किंवा फुकट मिळणारं मिक्स, यांपैकी काहीही उघडायचं, सगळी गाणी निवडायची, बटण दाबायचं आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायचा. सकाळी प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने भरलेले असतात. एकात लय, दुसऱ्यात पट्टी.

हे दोन रकाने आपण मोजमाप म्हणून वाचतो, जसं मिरचीच्या पोत्यावरचं वजन वाचावं. ते मोजमाप आहेही. पण मोजण्याआधी काय मोजायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये ते ठरवलं गेलं ते दुसऱ्या एका संगीताकडे पाहून: एकाच लयीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणारं, चार-चार ठोक्यांच्या घरांत बसणारं, बारा सुरांच्या चौकटीत बांधलेलं नाचाचं संगीत. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना वाजणारं बरंचसं संगीत या प्रश्नांना धड उत्तर देत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथल्या गाण्याची पहिली ओळख, ‘हे कधीचं गाणं?’, ही प्रश्नावलीत नाहीच. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, पण ते यंत्राला नावं ठेवून सिद्ध होणार नाही. यंत्र काय करतं ते आधी जवळून पाहावं लागेल.

लयीपासून सुरू करू. सॉफ्टवेअर गाण्याच्या तरंगात आघात शोधतं, म्हणजे आवाज अचानक कुठे उसळतो त्या जागा. मग तो तरंग स्वतःवरच थोडाथोडा पुढे सरकवून पाहतं की किती वेळाने तो स्वतःसारखा दिसतो. जितक्या अंतरावर साम्य जास्त, तेवढं ठोक्यांमधलं अंतर. त्यावरून मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएम, निघतो आणि गाण्यावर उभ्या रेघांची जाळी बसवली जाते. तिला बीटग्रिड म्हणतात. गोम अशी की जे अर्ध्या सेकंदाने स्वतःसारखं दिसतं ते एका सेकंदानेही दिसतं. मग ६० म्हणायचं की १२०? तबला शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. बरोबरीची लय आणि दुगुन एकाच वेळी नांदतात हे त्याला पहिल्या वर्षीच कळतं. सेराटोने या पेचावर काढलेली तोड मोठी बोलकी आहे. ॲनालिसिस करण्याआधी ते आपल्याला एक पट्टा निवडायला लावतं: ५८ ते ११५, ६८ ते १३५, ७८ ते १५५, ८८ ते १७५ किंवा ९८ ते १९५. या जोड्या नीट पाहा. प्रत्येक पट्ट्याचं वरचं टोक खालच्या टोकाच्या दुपटीला एकाने कमी आहे. म्हणजे कुठल्याही लयीची दुगुन किंवा निमपट त्याच पट्ट्यात सापडू नये, याची ही तजवीज आहे. आकडा एकच यावा म्हणून पर्याय आधीच छाटलेले. पाय ६४ ने पडत असतील आणि ढोलावरची काडी १२८ ने, तर पहिल्या पट्ट्यात हे गाणं ६४ चं ठरतं, उरलेल्या चारांत १२८ चं. गाण्यात दोन्ही आहेत. रकान्यात एकच मावतं. उत्तर गाण्यातून आलं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याचा अर्धा भाग मेनूतून आलेला असतो.

दुगुनीचा घोळ तरी एका बटणाने मिटतो; दुपटीचं आणि निमपटीचं बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं. सहा मात्रांच्या ठेक्यांत मात्र गाठ अवघड बसते, आणि गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यात गरब्याची हींच, लोकगीतांतला दादरा, खेमट्याच्या अंगाने जाणारे ठेके यांना तोटा नाही. सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत मोजता येतात किंवा दोन-दोनच्या तीन गटांत. मिनिटाला ५० आवर्तनं होत असतील तर पहिल्या मोजणीने बीपीएम १०० येतो, दुसऱ्या मोजणीने १५०. हे दोन्ही आकडे ८८ ते १७५ च्या पट्ट्यात बसतात, म्हणजे पर्याय छाटण्याची ती युक्ती इथे कामाला येत नाही. आणि सॉफ्टवेअरने १५० पकडला तर पुढची मौज अशी, की ते दर चौथ्या रेघेवर लाल खूण करतं, कारण त्याच्या लेखी घर चाराचंच. इथे आवर्तन तीन ठोक्यांचं आणि घर चार ठोक्यांचं. लाल खूण आणि सम यांची भेट बारा ठोक्यांनी एकदा. पडद्यावर सगळं आखीवरेखीव दिसतं आणि मिसळायला गेलं की पाय अडखळतात. वाजवणारा मुलगा वैतागून म्हणतो, हे गाणं ‘लागत’ नाही. गाण्यात खोट नाही, पण तक्रार गाण्याच्याच नावावर लिहिली जाते.

आता जाळी एकसारखी असते हे दुसरं गृहीत घ्या. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी महाराष्ट्रभर माहीत आहे. रात्रभर मोठमोठे ढोल वाजत असतात, नाचणाऱ्या बावा-बुध्यांच्या कमरेची घुंगरं आणि वाळलेले भोपळे पायाच्या ठेक्यावर खुळखुळतात, मोरपिसांचे टोप हलतात आणि होळी पेटते ती पहाटे. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला असा एखादा पंधरा मिनिटांचा तुकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर काय होईल? नाचणारे वाढतात तसा ढोल चढतो, दमतात तसा सैलावतो, दुसऱ्या गावचा जथा आला की दोन ढोल काही वेळ एकमेकांना चाचपत राहतात आणि मग एक दुसऱ्याला ओढून घेतो. हा चढउतार चुकून झालेला नाही. समूह एकमेकांचं ऐकत असल्याची ती खूण आहे. एकसारख्या अंतराची जाळी त्यावर पसरली की सुरुवातीला रेघ ढोलावर पडते, मिनिटाभरात ती मागे राहते, आणि पुढे तिचा ढोलाशी काही संबंध उरत नाही. रकान्यात मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत एक आकडा येतो. तो कोणाचाच नसतो, ना सुरुवातीच्या ढोलाचा, ना पहाटेच्या.

पट्टीची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. गाण्यातली सगळी कंपनं बारा घरांत गोळा करायची, कुठलं घर किती भरलं ते पाहायचं आणि तो नमुना चोवीस ठरीव नमुन्यांशी, बारा मेजर आणि बारा मायनर, ताडून पाहायचा. जो सर्वांत जवळचा तो ‘की’. मग डीजे लोक तिला घड्याळासारख्या चक्रावर बसवतात, ८ए च्या शेजारी ७ए आणि ९ए, म्हणजे कोणत्या गाण्याला कोणतं जुळेल हे संगीत न शिकताही कळावं. हे ठरीव नमुने आले कुठून, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. या क्षेत्रात ज्यांचा आधार वारंवार घेतला गेला ते नमुने क्रुमहान्सल आणि केसलर या संशोधकांच्या १९८२ च्या प्रयोगातले. पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या श्रोत्यांना एखादी सुरावट ऐकवून तिच्यापुढे कुठला सूर किती शोभतो हे त्यांनी विचारलं होतं. दोनच वर्षांनी, १९८४ साली, त्याच क्रुमहान्सल यांनी कॅस्टेलानो आणि भरूचा यांच्याबरोबर उत्तर हिंदुस्थानी रागांवर तसाच प्रयोग केला. संशोधकांना ठाऊक होतं की प्रत्येक संगीताची सुरांची उतरंड आपली आपली असते. बाजारात आलेल्या अवजारांनी मात्र मेजर-मायनरचीच वाट धरली, कारण ज्यांना अवजार विकायचं होतं त्यांचं संगीत तिथे बसत होतं. यात कट शोधण्याचं कारण नाही. पण डांग-नवापूरच्या पट्ट्यातल्या थाळीवर कथा सांगणाऱ्याची आठवण इथे ठेवावी. थाळीवर मेणात उभी केलेली काडी, तिच्यावरून बोटं ओढून निघणारा एकच गुणगुणता सूर, आणि त्यावर रात्रभर चालणारी कथा. सॉफ्टवेअर याला एक ‘की’ देईलच. रात्रभराच्या कथेचा सारांश, एक अंक आणि एक अक्षर.

इथे जाणकार वाचक मला अडवेल आणि त्याचा आक्षेप वजनदार आहे. हार्मोनियमबद्दल हेच सगळं बोलून झालं आहे, तो म्हणेल. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, श्रुतींची हार्मोनियम बनवण्याचे प्रयत्न झाले. पुढे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमवर बंदीच घातली. आणि झालं काय? पेटी नाट्यसंगीताच्या गळ्यातला ताईत झाली, भजनी मंडळांत पोचली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीची प्रतिष्ठा दिली, आणि हिंदुस्थानी गायकांची श्रुती काही मेली नाही. मग बारा घरांच्या सॉफ्टवेअरने भिल्लांच्या भिलोरी बोलीतल्या गाण्याचं काय बिघडणार आहे? उत्तर असं की पेटीच्या शेजारी गळा जिवंत होता. पेटी जिथे थांबते तिच्या पुढे-मागे जाण्याची मुभा गायकाला होती आणि श्रोत्याचा कान त्याच्याबरोबर जात होता. चूक आणि दुरुस्ती एकाच बैठकीत होत होती. डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनालिसिस झालं की पुढची बटणं त्या आकड्यावर विसंबून काम करतात. सिंक दाबलं की लय ओढली जाते, की-सिंक दाबलं की बाईचा आवाज अर्ध्या सुराने वर चढवला जातो. जिचा आवाज चढवला ती तिथे नसते. पेटीने साथ केली. हे अवजार साथ करता करता हातचं गाणं बदलतं. म्हणून पेटीचा दाखला मला निम्माच पटतो. भीती अवाजवी होती हे तो दाखवतो, पण दुरुस्ती कुठून आली हेही दाखवतो.

दुसरा आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो: हे सगळं जुनं झालं. रेकॉर्डबॉक्समध्ये ‘डायनॅमिक’ ॲनालिसिस आहे, सेराटोत जाळी जागोजागी वाकवता येते, ट्रॅक्टरनेही २०२४ मध्ये लवचीक बीटग्रिड आणली. थांबा थोडं, ढोलाचा प्रत्येक चढउतार मशीन पकडेल. पकडेलही. पण पकडून काय करणार हे पाहिलं पाहिजे. ज्या गाण्याचा चढउतार नेमका मोजला गेला, ते गाणं दुसऱ्या स्थिर लयीच्या गाण्याला सिंक केलं की सॉफ्टवेअर चढ लागेल तिथे त्याला धीमं करतं आणि उतारावर पळवतं, म्हणजे दोन्ही एकसारखी चालतात. जाळी एकसारखी होती तेव्हा निदान ढोल स्वतःच्या चालीने जायचा आणि मिसळण फसायची. आता मिसळण साधते आणि ढोल इस्त्री होऊन बाहेर येतो. मोजमाप सुधारलं तसं सपाटीकरणही सुधारलं. शिवाय शिकून शहाणी होणारी यंत्रं कशावर शिकतात, हाही प्रश्न आहेच. पट्टी ओळखणाऱ्या पद्धती तपासण्यासाठी संशोधकांमध्ये चलनात असलेला ‘जायंटस्टेप्स’ हा २०१५ चा संच ६०४ तुकड्यांचा आहे आणि ते सगळे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे आहेत. संगीतप्रकार ओळखण्यासाठी वर्षानुवर्षं वापरला गेलेला २००२ चा संच घ्या: तीस सेकंदांचे एक हजार तुकडे, दहा प्रकार, त्यांत ब्लूज, कंट्री, डिस्को, रेगे वगैरे. परीक्षाच अशी असेल तर अभ्यासही तसाच होणार.

प्रकाराचा विषय निघालाच आहे तर फायलीच्या पोटात डोकावून पाहावं. तिथली स्थिती गमतीची आणि थोडी खिन्न करणारी आहे. एमपीथ्री फायलीत गाण्याची माहिती लिहिण्याची जी पद्धत १९९६ मध्ये आली, तिच्यात शीर्षकाला तीस अक्षरं होती आणि प्रकारासाठी ८० नावांची ठरीव यादी. त्या मूळ यादीत ‘फोक’ नव्हतं. ते पुढे ‘विनॲम्प’ हा प्लेअर बनवणाऱ्यांनी जोडलं. ‘ट्रायबल’ मात्र होतं, ७२ व्या क्रमांकावर. कुठल्या जमातीच्या गाण्यासाठी ते नाव यादीत आलं नव्हतं. क्लबांत वाजणाऱ्या ढोलप्रधान नृत्यसंगीताला तिकडे ट्रायबल म्हणत. म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे ज्या जिल्ह्यात दर दहा माणसांमागे जवळजवळ सात अनुसूचित जमातींची आहेत, तिथल्या मुलाने आपल्या गाण्यांना हा शिक्का मारला, तर तो आपल्या आजीचं गाणं परक्या शहरातल्या एका फॅशनच्या खणात ठेवत असतो. भाषेचंही तेच. पुढच्या आवृत्त्यांनी भाषेसाठी जागा ठेवली, पण तिथे तीन अक्षरी संकेतांची जी यादी मान्य केली, तिच्यात मराठी आहे, गुजराती आहे. भिली, मावची, वसावी, अहिराणी नाहीत. त्यांना स्वतंत्र संकेत मिळाले ते २००७ मध्ये आलेल्या पुढच्या यादीत. भाषासर्वेक्षक ग्रिअर्सनने १९०७ मध्ये भिल्लांच्या भाषा आणि खान्देशी यांना एक अख्खा ग्रंथखंड दिला होता. तीन अक्षरं मिळायला त्यांना आणखी शंभर वर्षं लागली. अर्थात लग्नात गाणी लावणाऱ्याचं यावाचून अडत नाही. त्याच्या फायलींत कलाकाराच्या जागी कुठल्यातरी वेबसाइटचं नाव असतं, शीर्षकात डीजेचं नाव आणि फोन नंबर, आणि गाण्याच्या मध्येच तेच नाव गर्जून सांगणारा आवाज. मूळ गाणारी कोण हे तिसऱ्या कॉपीपर्यंत पुसलेलं असतं.

पण या सगळ्याहून जे मला महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं. खान्देशात गाणं हे वर्षाच्या चक्रात टांगलेलं असतं. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी वैशाखातली. कानबाई देवीची श्रावणातली, आणि त्यांतही ती बसवतानाची वेगळी, पाठवतानाची वेगळी. होळीची फागणातली. इंदल या विधीची गाणी इंदल मांडला जातो त्या रात्रीची. देवमोगऱ्याच्या याहामोगी देवीची जत्रा महाशिवरात्रीची. पालघरात तारपा वाजायचा तो भाताच्या सुगीच्या सुमारास. वाद्यालाही हंगाम असतो. लग्नाचं गाणं नुसतं लग्नाचं नसतं, ते हळदीचं, वरातीचं किंवा लेक निघतानाचं असतं. इथल्या बाईला एखादं गाणं कसलं म्हणून विचारलं तर ती लय सांगणार नाही, पट्टी सांगणार नाही, भाषेचं नावही बहुधा सांगणार नाही. कधी म्हणतात ते सांगेल. आणि नेमकी हीच गोष्ट आवाजाच्या तरंगात कुठेही नसते. कितीही तल्लख गणित लावलं तरी फागण काही तरंगातून काढता येणार नाही, कारण तो गाण्यात नसून गाण्याच्या भोवती असतो. आता अशी कल्पना करा की कानबाईला निरोप देण्याचं गाणं आणि वरातीत नवरदेवाला नाचवण्याचं गाणं, दोन्ही रिमिक्स होऊन १०४ बीपीएमला, ८ए मध्ये आली आहेत. सॉफ्टवेअर पहिल्याच्या पाठोपाठ दुसरं सुचवील आणि गणिताने ती सूचना निर्दोष असेल. जाणता मुलगा ती धुडकावेल. पण तो ती धुडकावतो ते सॉफ्टवेअरबाहेरच्या माहितीवर, आणि ती माहिती त्याच्याकडे आहे म्हणून.

‘मग झालं तर,’ असं इथे म्हणता येईल. ‘माणूस आहे ना निवडायला. सॉफ्टवेअर फक्त यादी लावतं.’ दोनशे गाण्यांच्या संग्रहाला हे लागू पडतं. वीस हजारांच्या संग्रहात जे वर दिसतं तेच वाजतं. बीपीएमनुसार यादी लावली की ज्या फायलींचा आकडा विचित्र आला त्या तळाला जातात, ज्यांचा आलाच नाही त्या आणखी खाली. त्या मुद्दाम कुणी काढून टाकत नाही. त्या फक्त सापडेनाशा होतात, आणि डिस्क भरली की पहिल्यांदा त्याच पुसल्या जातात. गाणी बनवणाऱ्यालाही हे कळतं. कीबोर्डच्या किंवा संगणकाच्या तालावर बांधलेलं गाणं झटकन लागतं, डीजे ते वाजवतो, म्हणून पुढचं गाणंही तसंच बांधलं जातं. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या कॅसेटसंस्कृतीवर लिहिताना दाखवलं होतं की स्वस्त कॅसेटने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतल्या गाण्यांना बाजार मिळवून दिला. हार्ड डिस्कने तो बाजार आणखी खुला केला, यात शंका नाही. नवापूरच्या पट्ट्यात एका बोलीत रचलेलं गाणं तापी, डांगपर्यंत नाचलं जातं ते त्याच्याच जोरावर. पण कॅसेटच्या दुकानदाराने गाणी लयीप्रमाणे लावली नव्हती.

यावर कुणी असंही म्हणेल की डीजेवर वाजतं ते मुळात लोकसंगीत नव्हेच. ते गेलं काय, राहिलं काय. हा युक्तिवाद मला सर्वांत कमी पटतो. अशोक दा. रानडे यांनी आपल्या संगीताच्या कोटी सांगताना आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन यांच्याबरोबर ‘संगम’ अशीही एक कोटी मानली. टिमलीचं रिमिक्स हे त्या संगमाचं ठसठशीत उदाहरण आहे: बोल बोलीतले, ठेका ऑक्टापॅडवरचा, ऐकणारे विस्थापितांच्या वसाहतीतले, शहाद्यातल्या कॉलेजमधले आणि सुरतेला कामाला गेलेले. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. नर्मदेच्या काठच्या माणसांची घरं तळोदा-शहाद्याकडे हलली तेव्हा गाणीही हलली, आणि नव्या ठिकाणी ती टिकली असतील तर ती लग्नांमुळेच. अंगणात ढोल आणि रस्त्यावर डीजे एकाच लग्नात वाजतात. शुद्ध-अशुद्धाची रेघ त्या दोघांच्या मध्ये ओढायला गेलं तर ती वऱ्हाडाच्या पायाखाली पुसली जाईल. (बेसचा दणका आणि रात्री दहानंतरचे कायदे हा वेगळा वाद आहे, त्यात मी ढोलाच्या बाजूने आहे एवढं सांगून तो सोडतो.) आणि त्या तरुणांना स्थिर ठोक्यावरच नाचायचं असेल तर ती त्यांची निवड, तिच्यावर बाहेरून सांस्कृतिक गळा काढण्यात अर्थ नाही. माझी तक्रार निवडीबद्दल नाही. निवडीच्या यादीत काय उरतं याबद्दल आहे.

याचा इलाज यंत्र टाकून देण्यात नाही हे उघड आहे, आणि तो फार महागही नाही. भातखंड्यांनी रागांना दहा थाटांत बसवलं तेव्हा कितीतरी राग त्या खणांत अवघडून बसले. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, अजून होते. पण त्यांनी हिंडून, ऐकून, विचारून बंदिशी लिहून घेतल्या होत्या, म्हणून थाट न मानणाऱ्यालाही आज त्यांच्याकडे जावं लागतं. वर्गीकरण चुकलं तरी माहिती राहिली. डीजेच्या डिस्कवर उलटं आहे, वर्गीकरण चोख आणि माहिती शून्य. पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉमेंट’ नावाचा एक रकाना असतो, रेकॉर्डबॉक्समध्ये ‘माय टॅग’ असतो, सेराटोत गाण्यांचे ‘क्रेट’ करता येतात. क्रेट म्हटल्यावर शहाद्याच्या माणसाला केळीचा किंवा टोमॅटोचा आठवेल, पण कल्पना तीच: एका बाजारचा माल एका पेटीत. बीपीएमचा आकडा हाताने दुरुस्त करायला ज्याला वेळ मिळतो, त्याला त्या रकान्यात ‘फागण’ लिहायला तेवढाच वेळ लागतो. यंत्राने चुकवलेल्या फायलींची यादी हीच खरं तर कामाची यादी आहे. जिथे आकडा बिथरला तिथे माणसं एकमेकांचं ऐकून वाजवत होती अशी शक्यता जास्त. अशा फायली खाली ढकलण्याऐवजी वर काढल्या तर ॲनालिसिस संग्राहकाचं काम करेल, तेही फुकट.

अडचण लिहायची कशी ही आहे. भिली बोलींतली गाणी या पट्ट्यात तीन लिप्यांत फिरतात: महाराष्ट्राच्या बाजूला देवनागरी, पलीकडे गुजराती, आणि मोबाइलवर रोमन. रोमनमध्ये एकाच शब्दातला ‘ळ’ एकजण एका अक्षराने लिहितो, दुसरा दुसऱ्या. ‘टिमली’चं स्पेलिंगही तीन तऱ्हांनी सापडतं. सॉफ्टवेअरचा शोध अक्षरशः चालतो. जे टाइप केलं तेच सापडतं, म्हणून एक गाणं तीन गाणी होऊन पडून राहतं आणि शोधणाऱ्याला वाटतं की आपल्याकडे ते नाही. गणेश देवींच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात महाराष्ट्राच्या खंडासाठी बोली बोलणाऱ्यांनी स्वतः लिहिलं होतं. अरुण जाखडे यांनी तो खंड २०१३ मध्ये संपादित केला. तसं इथेही बोलणाऱ्यानेच ठरवावं लागेल. धडगावचा मुलगा पावरी शब्द कसा लिहितो त्याला नंदुरबारच्या प्राध्यापकाने लाल शाई लावू नये, एवढं पथ्य पाळलं तरी खूप. आणि गाणाऱ्या बाईचं नाव लिहायचं की नाही, हे तिला विचारून. काही गाणी त्या रात्रीपुरतीच असतात आणि ती रकान्यात येऊच नयेत असंही घरातली म्हातारी माणसं सांगतील. तेव्हा फाइल असूनही कॉमेंटमध्ये तेवढंच लिहावं लागेल, की होळीचं आहे, पहाटेचं आहे, इतर वेळी लावू नये. बीपीएमचा रकाना मग रिकामा राहिला तर राहू दे.